शंभूची वाटी

फोनवरची बाई कोण, हे तुळजाबाईंनी दुसऱ्या शब्दाला ओळखलं. पहिला शब्द ‘हॅलो’, तो तर सगळ्यांचा सारखाच. दुसरा होता ‘ॲक्च्युअली’. तो असा लांबवायचा, मग नाकानं श्वास ओढायचा आणि मग पुढचं बोलायचं, अशी बाई साऱ्या मांजरी गावात एकच होती. तिच्या या फोनची तुळजाबाई तीन वर्षं वाट बघत होत्या.

“ॲक्च्युअली मला डेकेअरची नावं हवी होती. तुमच्याकडून मिळतात ना? बेबी आठ महिन्यांची आहे. सोमवारपासून मला ऑफिस जॉइन करायचंय.”

“मिळत्यात की. नाव सांगा.”

“शेफाली.”

“बाळाचं इचारलं.”

“ओह. राजनंदिनी.”

तुळजाबाईंनी कागदावर सावकाश अक्षरं काढली. शाळा चौथीत सुटली होती, पण अक्षर कोरल्यासारखं. पुढचा प्रश्न कागदावर छापलेलाच होता, त्यांनी आपल्या मनानं काही घातला नाही. “घरातलं दुसरं मूल या आधी कुठल्या पाळणाघरात होतं का?”

“होतं. थोडे दिवस. इथंच मांजरीत.”

थोडे दिवस! एक वर्ष चार महिने. पहिला दात पडायचा सोडून त्या पोराचं सगळं तुळजाबाईंच्या मांडीवर झालं होतं. त्यांनी कागदावर ‘होय’ला खूण केली, तीन नावं सांगितली, पत्ते सांगितले आणि म्हणाल्या, “जाऊन बघा. निवड तुमची.”

फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं. खाली पिठाची गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरायला लागलं. हात मात्र स्थिर होता.

आधी हे ‘ओंजळ’ म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिरणीच्या वर दोन खोल्या. तिथं पाळणा नाही, खेळणं नाही, मूलही नाही. आहे तो एक फोन आणि भिंतभर नकाशा, त्यावर टोचलेल्या टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे एकेक बाई, आपल्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी. वाघोलीपासून लोणी काळभोरपर्यंत त्रेसष्ट टाचण्या. संगणकावर बसणारी आई असो की कारखान्यात पाळीला जाणारी, तिनं फोन करावा, घर कुठं, मूल केवढं, वेळ काय ते सांगावं. ‘ओंजळ’ तिला तीन नावं देणार. घराजवळची, जागा असलेली, ‘ओंजळ’ चालवणाऱ्या कौशल्याताईंनी स्वतः जाऊन मोरीपासून माळ्यापर्यंत बघितलेली तीन. ही चांगली, ती बरी, असं एक अक्षर बोलायचं नाही.

आणि नुसतं आयांचंच बघतात असं नाही. टाचणीवरच्या बायांनाही तिथंच शिकवतात. घास अडकला तर पोर पालथं कसं धरायचं, गॅसपुढं फळी कशी ठोकायची, वर्षाच्या आतली दोनच मुलं का घ्यायची. एखाद्या सोसायटीचा चेअरमन ‘फ्लॅटमध्ये धंदा चालणार नाही’ म्हणाला, की कौशल्याताई जाऊन त्याच्यापुढं बसायच्या. पुण्याच्या पेठेत वाढलेली बाई. ओरडायची नाही, टोचायची. “धंदा नव्हे हो. आपल्याच सोसायटीतल्या सुना कामाला जाव्यात म्हणून सोय आहे. आपण सांभाळणार असाल तर आम्ही उठतो.” चेअरमन मुकाट चहा सांगायचा.

या सगळ्यांत एक रीत मात्र कुठल्या कागदावर नव्हती. ती तुळजाबाईंच्या ओट्यावरून निघाली होती. पाळणाघरात येणारं मूल स्वतःची वाटी घेऊन येतं, स्टीलची, काठावर नाव घातलेली. मूल शाळेला लागलं किंवा घर बदललं, की बाई ती वाटी परत देते. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून तीत साखर घालते. तुळजाबाई पहिल्यापासून असं करायच्या. त्यांचं बघून बाकीच्या करायला लागल्या. मग नव्या घरी विचारणं सुरू झालं, “मागच्या घरची वाटी आणली का?” वाटी असली, म्हणजे मागच्या बाईचा निरोप नीट घेतलाय. नसली, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. कौशल्याताईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आमच्या तीन पानांच्या फॉर्मपेक्षा बरं आहे.”

शंभूची वाटी तीन वर्षं तुळजाबाईंच्या फडताळात पालथी पडली होती.

शंभू म्हणजे शेफालीचा थोरला. तिची सोसायटी जिथं उभी आहे तिथं तुळजाबाईंनी सून म्हणून येऊन ऊस खुरपला होता. पुढं जमीन गेली, बंगला झाला, यजमान रावसाहेब गेले, मुलगा विक्रम वरच्या मजल्यावर आपल्या संसारात. खालचा हॉल रिकामा राहिला तसं बाईंनी पाळणाघर काढलं. गरज म्हणून नव्हे. हात रिकामे बसत नव्हते म्हणून. अकरा मुलं, मदतीला विदर्भातून आलेली चंपा, आणि दारात सकाळी आठपासून गाड्यांची रांग.

त्या दिवशी शंभू दोन वर्षांचा. आईच्या कडेवरून घेताना तुळजाबाईंच्या नाकाला गोड संत्र्यासारखा वास आला. “काय पाजलंस गं याला?” शेफाली चपलेतून पाय न काढता म्हणाली, “काही नाही आंटी, लेट होतंय.” पोर दहाला झोपलं ते पाचपर्यंत उठेना. दोनदा फोन केला, दोनदा कापला गेला. मीटिंग चालू असेल. पाचला शेफाली आली, पोर उचललं, पोरानं तिच्या अंगावर ओकारी काढली, ती तशीच डॉक्टरकडं पळाली. डॉक्टरनं विचारलं, काही औषध दिलं होतं का? शेफाली म्हणाली, घरी नाही, पाळणाघरात दिलं असेल. पोर सकाळी हसत उठलं. बाकीचं मात्र तिथून पुढं सुरू झालं.

त्याच संध्याकाळी, बातमी ऐकून, बाकीच्या दहा आया तुळजाबाईंच्या दारात. “तुम्ही मुलांना झोपेचं काही देता का?”

इथं तुळजाबाईंची जीभ त्यांना नडली. कुणी दटावून विचारलेलं त्यांना आयुष्यात खपलं नव्हतं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “जायफळ? देते की. रडक्या पोराला सहाणेवर एक वेढा. माझी चार पोरं त्याच्यावर वाढली. शंभूला आज दिलं न्हाय.” शेवटचं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर, चारशे माणसांत, शेफालीचं नाव आणि खाली दोन ओळी: ती बाई मुलांना गुंगीचं देते. तिनं स्वतः कबूल केलंय.

दोन दिवसांत हॉल मोकळा झाला. दहा जणी माना खाली घालून वाट्या मागायला आल्या. तुळजाबाईंनी दहाही वाट्यांत साखर घातली, एकही चमचा कमी नाही. अकरावी न्यायला कुणी आलं नाही.

कौशल्याताईंनी नाव यादीतून बाजूला ठेवलं आणि चौकशी केली. तीन आठवडे. चंपाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं. काही निघालं नाही. पण तुळजाबाईंना समोर बसवून त्यांनी सुनावलंही, “अंदाजानं दिलेलं काहीही नको, तुळजाबाई. आजीच्या हातचं असलं तरी नको. उद्या तुमच्या वेढ्यानं खरंच एखादं पोर गेलं असतं तर?” बाईंच्या वर्मी लागलं. त्या दिवशी सहाण माळ्यावर गेली. तेवढी एक चूक आपली, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलणारही नव्हत्या.

नाव यादीत परत आलं. लोकांच्या तोंडात परत आलं नाही. तीन नावांत तुळजाबाईंचं नाव गेलं की लोक उरलेल्या दोघींकडं जायचे. शेवटी कौशल्याताईंनी त्यांना फोनपुढच्या खुर्चीत बसवलं. “त्रेसष्टही घरं तुम्हाला तोंडपाठ आहेत. घरी बसून भिंतीशी भांडण्यापेक्षा इथं या.”

तेव्हापासून तुळजाबाई दहा ते दोन त्या खुर्चीत. मनात एकच: कधीतरी हिला दुसरं होईल. कधीतरी हिला फोन करावाच लागेल.

कौशल्याताई आतल्या खोलीतून आल्या तेव्हा तुळजाबाई कागदाची घडी घालत होत्या. त्यांनी घडी उलगडली, नाव वाचलं, चष्मा काढला.

“या फोनमधून आपण बाजूला व्हा. पुढचं मी बघते.”

“का? म्या काय नियम मोडला?”

“कुणाची नावं दिलीत?”

“सुंदराबाई, चंपा आन् शेवाळवाडीची मुक्ताई. माझं बंद घर सोडलं तर जवळच्या याच तीन. तान्ह्याला जागा याच तिघींकडं. नकाशा बघा.”

कौशल्याताईंनी खरंच नकाशा बघितला. टाचण्या बरोबर होत्या. “तिघींना फोन नाही ना केलात?”

“केला न्हाय. करनार न्हाय. शपथ हाय रावसायबांची.”

“तुम्ही नियम मोडणार नाही, ते माहिती आहे मला,” कौशल्याताई म्हणाल्या. “म्हणून तर भीती वाटते.”

तुळजाबाई पहिल्यांदाच हसल्या, दात न दाखवता.

शुक्रवारी दुपारी सुंदराबाईचा फोन आला. ती फोनवर बोलत नसे, ओरडत असे. “आक्का, एक बाई आली हुती. लई चांगल्या घरची. पोरगी तर लोण्याचा गोळा. म्या च्या टाकला, कप म्होरं केला आन् इचारलं, मागच्या घरची वाटी आणली का? ती म्हनली, कसली वाटी? म्या म्हनलं, थोरला कुठं हुता? तर म्हनली, तिथं एक तुळजाबाई होती, हॉरिबल लेडी. म्या कप उचलला आन् आत न्हेला.”

“प्यायली न्हाय?”

“एक घोट बी न्हाय! आक्का, तुमच्या घरातनं वाटी आल्याबिगर मी पोर घेत न्हाय. तुमी सांगितलं तरी बी न्हाय.”

“म्या काय बी सांगत न्हाय,” तुळजाबाई म्हणाल्या. “निवड ज्येची त्येची.”

मुक्ताईकडंही तेच झालं, फक्त तिथं चहापर्यंत गोष्ट गेली नाही. राहिली चंपा. रेल्वे फाटकापलीकडं दोन खोल्यांत तिचं स्वतःचं पाळणाघर. ‘ओंजळ’नं तिला सगळं शिकवून उभं केलेलं, आणि तिला अर्ज करायला ढकलणाऱ्या तुळजाबाईच. चंपानं शेफालीला बघताक्षणी ओळखलं. शेफालीनं चंपाला ओळखलं नाही. एक वर्ष चार महिने रोज तिच्या हातात पोर देऊनसुद्धा.

“मी म्हटलं, ताई, पोरगी ठेवतो न जी मी,” चंपा रात्रीचं जेवण सोडून सांगायला बंगल्यावर आली होती. “पण शंभूची वाटी घेऊन या. नाव ऐकलं न, तं चेहरा असा झाला माय! म्हणते, तुला शंभूचं नाव कसं माहीत? मी म्हटलं, त्याचं ढुंगण धुतलं न मी.”

तुळजाबाईंनी चंपाच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. तीन वर्षांत त्यांना इतकी भूक लागली नव्हती.

शनिवारी शेफालीनं ‘ओंजळ’ला फोन केला. तो कौशल्याताईंनी घेतला. बाजूला बसलेल्या तुळजाबाईंना पलीकडचा आवाज सगळा ऐकू येत होता. हे काय ब्लॅकमेल आहे, वाटी काय, कसली वाटी, सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला, घरी ठेवलेल्या दोन मुली पळाल्या, ऑफिसचं डेकेअर वर्षाच्या आतलं बाळ घेत नाही, आधीच दोन महिने जादा रजा झाली, सोमवारी नाही गेले तर…. इथं आवाज फुटला.

“वाटी हा आमचा नियम नाही,” कौशल्याताई म्हणाल्या. “बायकांचा आहे. पण बाई आपल्या घरात कुणाचं मूल घेते, हे तिचं तिनं ठरवायचं. मी जबरदस्ती करत नाही. वाटी कुणाकडे आहे ते आपल्याला ठाऊक आहे. पत्ता बदललेला नाही.”

फोन ठेवून त्या तुळजाबाईंकडं वळल्या. या वेळी आवाजात टोचणी नव्हती, काठी होती. “एक लक्षात ठेवा. पोरीला ओलीस धरायचं नाही. सोमवारी सकाळी ती मुलगी कुणाच्या तरी मांडीवर नसली, तर ही खुर्ची तुमची नाही.”

“सोमवारी सकाळी सातला वाटी चंपाच्या दारात आसंल. ती आली तर बी आन् न्हाय आली तर बी. म्या पोरांशी वैर धरत न्हाय.” तुळजाबाईंनी पिशवी खांद्याला लावली. “पन रविवार माझा.”

कौशल्याताईंनी नकाशाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, “रविवारी सेंटर बंद असतं. मला काही माहिती नाही.”

रविवारी अकराला बंगल्यासमोर गाडी थांबली. गाडीत नवरा, अभिनव, स्टिअरिंग धरून बसून राहिला. काच वर. शेफाली उतरली, पोरगी कडेवर, दुसऱ्या हातात मिठाईचा बॉक्स.

तुळजाबाई हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुद्दाम याच हॉलमध्ये. छताला झोळ्यांचे अकरा हूक तसेच होते. विक्रम हॉल औषधाच्या दुकानाला भाड्यानं द्या म्हणून तीन वर्षं मागं लागला होता. त्यांनी कुलूप घालून किल्ली कमरेला लावली होती. आज उघडला.

“आंटी—”

“आंटी कुनाची? ग्रुपवर तू ‘ती बाई’ म्हनली हुतीस. तेच म्हन.”

शेफालीनं बॉक्स खाली ठेवला. “झालं गेलं, तुळजाबाई. तेव्हा मी घाबरले होते. फर्स्ट चाइल्ड होतं. आय ॲम सॉरी.”

“कशाबद्दल?”

“म्हणजे… जे झालं त्याबद्दल.”

“काय झालं?”

शेफाली पोरीचं टोपडं नीट करायला लागली.

“मंग म्याच सांगते. सकाळी पोराच्या तोंडाला संत्र्याचा वास हुता. म्या इचारलं, तू काय बी न्हाय म्हनलीस. सर्दीचं औषध पाजून, ताप दाबून, पोर माझ्या दारात टाकून गेलीस. व्हय का न्हाय?”

“एकच चमचा!” शेफाली पटकन म्हणाली, आणि मग जिभेला लगाम बसल्यासारखी थांबली.

“एका चमच्यानं पोर सात तास झोपत न्हाय.”

बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं. शेफालीनं त्या दिशेनं बघितलं. आवाज एकदम खाली आला. “मी एक दिला होता. अभिनवनं आधीच दिला होता, मी अंघोळीला गेले होते तेव्हा. दोघांनी एकमेकांना सांगितलंच नाही. त्याच रात्री कळलं आम्हाला.”

वासाचं त्यांना ठाऊक होतं, हे नव्हतं. “त्याच राती?”

“हो.”

“आन् ग्रुपवर लिवलंस कवा?”

शेफालीनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “दुसऱ्या दिवशी सकाळी.”

पोरीनं एक हुंकार दिला.

“म्हंजी ठावं असून,” तुळजाबाई म्हणाल्या.

“सासूबाई म्हणाल्या असत्या, नोकरीपायी पोराला मारलं असतंस. आधीच म्हणत होत्या. सगळे विचारत होते ग्रुपवर, काय झालं, काय झालं. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं.” ती रडायला लागली. “मला माफ करा. मी पाया पडते.”

ती वाकली. तुळजाबाईंनी पाय मागं घेतले.

“माझ्या पाया पडू नको. म्या एकटी हाय. तू चारशे मानसांत बोललीस आन् मला बंद हालात कानात सांगतीस? फोन काढ.”

“मी लिहिते. आत्ता लिहिते.”

“लिवायचं न्हाय. मला चौथीतलं वाचता येतं. तुजं इंग्रजी मिसळून तू काय बी लिवशील आन् म्या मान हलवीन. बोलायचं. ते आवाजाचं बटन असतंय ना, ते दाब आन् बोल. मला ऐकू आलं पायजे.”

शेफालीनं एका हातानं फोन काढला. पोरगी फोनसाठी झोंबायला लागली. तुळजाबाईंनी उठून तिला घेतलं. मागितलं नाही, विचारलं नाही, घेतलं. पोरीनं नवख्या माणसाकडं बघितलं, रडायचं की नाही ठरवलं आणि सरळ चष्म्याला हात घातला. बाईंनी सवयीनं तिचं तोंड हुंगलं. दुधाचाच वास होता. शिकली होती बया.

“हाय एव्हरीवन, शेफाली फ्रॉम बी विंग,” शेफालीनं सुरुवात केली, “तीन वर्षांपूर्वी तुळजाबाईंच्या डेकेअरबद्दल माझा थोडा गैरसमज—”

“थांब.”

शेफाली थांबली.

“गैरसमज कुनाला? तुला राती ठावं हुतं. गैरसमज नव्हता, खोटं हुतं. पुन्यांदा.”

दुसऱ्यांदा तिनं ‘आमच्या दोघांकडून चूक झाली’ म्हणून नवऱ्याला पुढं केलं. तुळजाबाई म्हणाल्या, “ग्रुपवर त्याचं नाव न्हवतं. तुजं हुतं. तुजं घे. पुन्यांदा.”

तिसऱ्यांदा शेफालीनं डोळे मिटले आणि ॲक्च्युअली न म्हणता बोलली. “मी शेफाली, बी विंग. शंभूला सकाळी औषध आम्हीच जास्त दिलं होतं. तुळजाबाईंनी त्याला काहीही दिलं नव्हतं. हे मला त्याच रात्री कळलं होतं. तरी मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिलं. त्यांचं पाळणाघर माझ्यामुळे बंद पडलं.”

बोट स्क्रीनवर थांबलं. पाठवायला धीर होईना. तुळजाबाई परत खुर्चीत बसल्या. पोरीला मांडीवर उड्या देत राहिल्या, नजर मात्र त्या बोटावर. शेफालीनं पुन्हा एकदा गाडीकडं बघितलं. गाडीतून कुणी उतरलं नाही.

बोट उचललं गेलं. टुक असा आवाज झाला.

मग दुसरा टुक. मग तिसरा. मग मोजता येईनात इतके. शेफालीनं फोन उलटा करून पिशवीत टाकला. पिशवी आतून वाजत राहिली, आणि तुळजाबाईंना तो आवाज सनई-चौघड्यासारखा लागला. तीन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर असेच आवाज झाले असतील, फक्त ते त्यांना ऐकू आले नव्हते.

तुळजाबाई पोरीला घेऊनच आत गेल्या. फडताळ उघडलं. वाटी धुतली, पुसली. साखरेचा डबा हाताशीच होता, झाकण अर्धवट लागलेलं. पोरगी डब्याकडं बोट दाखवत होती. क्षणभर हात तिकडं गेलाही. तीस वर्षांची सवय. हात कुणाला विचारून जात नाही.

त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं.

बाहेर येऊन पोरगी आईच्या कडेवर दिली आणि वाटी हातात. काठावर ‘शंभू’ लख्ख दिसत होतं.

“थँक यू,” शेफाली म्हणाली. तिला रिकाम्या वाटीचं काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं; ती कधी निरोप घेऊन कुठून निघालीच नव्हती.

“मिठाई घेऊन जा,” तुळजाबाई म्हणाल्या. “माझ्या घरात गोड ठेवलेलं हाय.”

सोमवारी साडेआठला ‘ओंजळ’चा फोन वाजला. तुळजाबाई आज वेळेआधी आल्या होत्या. चंपा होती.

“आई, आली जी पोरगी. वाटीबी आली.” तिनं आवाज खाली आणला. “रिकामी आली न जी वाटी.”

“व्हय.”

“एक दाणाबी नाही साखरेचा.”

“बघितलंय म्या.”

“म्हणजे ठेवू की नको ठेवू?”

“ठेव की. पोरीनं काय केलंय? तिला वेळेवर वरणाचं पानी दे, दुपारी पाठीवर थोपट, जायफळ-बियफळ काय बी न्हाय. आन् आई सोडायला आली की रोज तोंड हुंगून घे. रोज. दाराबाहेर, चार जनींसमोर.”

“हो जी.”

“आन् पोरीला नवी वाटी आनायला सांग. नाव घालून. राजनंदिनी, आन् खाली आईचं बी. कुनाची पोर ते कळलं पायजे.”

कौशल्याताई दारातून ऐकत होत्या. नकाशासमोर जाऊन मांजरीतली एक टाचणी, तीन वर्षांत डोकं गंजलेली, त्यांनी उपसली आणि डबीतली नवी तांबडी तिथं टोचली.

दहा वाजता परत फोन. नवा आवाज, तरुण बाई, मागं मूल रडत होतं. “पाळणाघराची नावं हवी होती. दीड वर्षाचा मुलगा आहे.” पत्ता सांगितला तो शेफालीच्याच सोसायटीचा. डी विंग.

तुळजाबाईंनी कागद ओढला, नकाशा बघितला. नियमानं नावं घराजवळच्या क्रमानं सांगायची. सर्वांत जवळची टाचणी नवी तांबडी होती, पण स्वतःचं नाव पहिलं घेतील त्या तुळजाबाई कसल्या! पहिलं सुंदराबाईचं सांगितलं, दुसरं मुक्ताईचं. मग घसा साफ केला.

“तिसरं नाव, तुळजाबाई. बंगला, खालचा हॉल.”

पलीकडे मूल रडायचं थांबलं. बाई हळूच म्हणाली, “तुळजाबाई म्हणजे… त्या ग्रुपवरच्या?”

“त्याच,” तुळजाबाई म्हणाल्या. “जाऊन बघा. निवड तुमची.”